सरळ हात

पहाटे पाचला गाडी लावली गल्लीच्या तोंडाशी,
टिमकीत याहून आत ती शिरत नाही.
दोन बादल्या: एक साबणाची, एक नुसत्या पाण्याची.
फडकं आधी नुसत्यात पिळायचं, मगच साबणात,
म्हणजे निघालेला खडा परत अंगावर जात नाही.
आठवड्याची कोराडीची राख
नालीपर्यंत करडी ओघळत गेली.

मग हातात कॅरीबॅग घातली
आणि बॉनेटवरून हात फिरवला.
डोळ्यांना जे स्वच्छ दिसतं
ते प्लास्टिकच्या आतून बोटांना खरखरतं.
कडुलिंबाचा चिकटा, डांबर,
अजनीच्या रुळांवरून उडालेलं लोखंड,
सगळं रंगात रुतून बसलेलं.
मातीची वडी मळली, पाणी मारलं, घासत गेलो.
काळी झाली की दुमडायची,
खाली पडली तर फेकायची, कितीची का असेना.
पडली.
दीडशे रुपयांची अर्धी वडी फेकली.

बाबा बाजेवर जागेच.
माग बंद होऊन एकोणीस वर्षं झाली
तरी त्यांना चारला जाग येते.
"बाहेर किती घेते याचे?"
"आठ हजार."
"आन् तुले किती लागले?"
"अकराशे."
पुढे बोलले नाहीत,
बाज मात्र थोडी अलीकडे ओढली.

कंपाउंडचे चार ठिपके, ओला स्पंज,
मी दारावर गोल गोल फिरवत होतो.
"गोल काऊन घासून राह्यला बे? सरळ घे."
"सूत नाही हे, बाबा."
"मले दिसते का ते."

याच गल्लीत, या खांबापासून
धकात्यांच्या ओट्यापर्यंत ताणा पसरलेला असे.
तांदळाची खळ, लांब कुंचा,
बाबा एका अंगाने, काका दुसऱ्या,
या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच हात,
मध्ये थांबायचं नाही, परत फिरवायचं नाही.
ऊन भिंतीवर उतरायच्या आत पांजणी संपली पाहिजे,
नाहीतर खळ कडक, आणि धागा बोटात तुटून येतो.
मी टोकाला काठी धरून उभा.
शाळेत रोज उशिरा.

मी काही बोललो नाही.
हात सरळ केला.

मागच्या दारावर एक ओरखडा आहे, बर्डीतल्या ऑटोचा.
त्यात नख अडकतं.
नख अडकलं की समजायचं, पॉलिश तिथवर पोचत नाही.
मला आधी वाटायचं, पॉलिश म्हणजे वर काहीतरी चढवणं.
तसं नाही.
वरचा थर खरवडून जरासा कमी करायचा,
म्हणजे खालचा चमकतो.
किती थर उरलाय ते मोजायचं यंत्र असतं म्हणे.
माझ्याकडे हप्त्याचं पुस्तक आहे,
अजून चौतीस महिने.

नऊला ऊन धकात्यांच्या भिंतीवर.
तोवर सीलंट लावून झालं होतं,
इतकं पातळ की लावलंय की नाही कळू नये.
वीस मिनिटांनी धुकं धरतं, नव्या फडक्याने पुसायचं,
आणि बारा तास पाणी नको.
मी हात धुवायला आत गेलो.
बाहेर आलो तर बाबा बॉनेटपाशी वाकलेले.
लिंबाचा फुलोरा पडला होता वर, दोन-चार फुलं,
ते खांद्यावरच्या दुपट्ट्याने पुसत होते.
तोच दुपट्टा, ज्याने बाज झटकतात,
चप्पल झटकतात.
"पाह्य, तोंड दिसून राह्यलं माह्यं," म्हणाले,
आणि बराच वेळ पाहत राहिले.
मी म्हटलं, "चहा ठेवतो."

रात्री अकराला वर्धा रोडच्या पंपावर
पांढऱ्या दिव्यांखाली उभा होतो.
बॉनेटच्या मधोमध एक रेघ,
केसाएवढी,
या टोकापासून त्या टोकापर्यंत, कुठेही न थांबलेली.
नख लावून पाहिलं.
अडकलं नाही. निघेल.
मागच्या सीटवरून बाई म्हणाल्या,
"भाऊ, निघायचं ना? विमान आहे माझं."